भर दुपारचे पडदे

१

"तुला काय बाई, घरबसल्या टीव्ही बघायचा पगार मिळतो," असं मला सगळे म्हणतात. म्हणू देत. एकाने तरी माझ्या जागी बसून आठ तास लोकांचे उघडे खांदे मोजून दाखवावेत.

मी टीव्हीवरच्या मालिका दाखवण्याआधी बघते आणि फॉर्म भरते. बारा वर्षांखालच्यांना चालेल की सोळाखालच्यांना चालणार नाही, ते त्या फॉर्मवरून ठरतं. शय्यादृश्य किती मिनिटाला सुरू झालं, किती सेकंद चाललं, काय दिसलं, काय नुसतं सुचवलं, जबरदस्ती आहे का, कुणी घाबरलंय का. मत द्यायचं नाही, नुसतं मोजायचं. प्रत्येक भाग दोघीजणी वेगवेगळ्या बघतात, आणि दोघींचे फॉर्म जुळले की काम संपलं. माझी जोडीदारीण इनेके. ती तिकडे टीव्हीवाल्यांच्या हिल्फरसुम शहरात असते, मी इथे झ्वोले शहराच्या कडेला, कालव्यालगतच्या रांगेतल्या घरात.

ऑक्टोबरात आमच्याकडे एक नवी मालिका आली. आठ भाग. एक माणूस समोरच्या घरातल्या बाईला दुर्बिणीतून बघत असतो. बाईचं बाहेर लफडं, मग त्याला तिला धमकावायची हुक्की येते, वगैरे वगैरे. वरचेवर कपडे उतरायचे. मी बशीत ब्रेड घेऊन त्यावर चॉकलेटची भुरभुर घालून बसले होते. एकोणीस वर्षं हे काम केल्यावर असल्या दृश्यांनी माणसाचा घास अडत नाही.

तिसऱ्या भागात चाळिसाव्या मिनिटाला चौथं शय्यादृश्य आलं. लांबून, खिडकीच्या काचेतून टिपलेलं. बाईची पाठ, एक पुरुष पलंगाच्या कडेला बसून मोजे काढतोय. अठरा सेकंद. मी नोंद केली. फॉर्ममध्ये एक प्रश्न असतो, 'ज्या व्यक्तीला पाहिलं जात आहे, तिला ते ठाऊक आहे का?' मी सवयीने 'नाही'वर खूण केली आणि पुढे निघाले.

मग थांबले. मागे नेलं. त्या खिडकीच्या पट्टीवर दोन निळ्या कुंड्या होत्या.

आता खिडकीत एकसारख्या दोन वस्तू मांडणं आमच्याकडे घरोघरी असतं. त्यात काही नाही. पण डाव्या कुंडीचा कान तुटून परत चिकटवलेला होता आणि तो जरा तिरका बसला होता. तसाच कान सिपने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, चिकटवला होता. तेव्हापासून ती जोडी मी दर्शनी खिडकीतून काढून वरच्या मागच्या छोट्या खोलीत ठेवली आहे.

मी मोठ्याने हसले. घरात कुणी नव्हतं, तरी हसले.

२

दोन दिवसांनी इनेकेचा फोन आला.

"अगं मार्लूस, तिसऱ्या भागाला तू चार लिहिलीस. माझी तीनच आहेत."

"चौथं चाळिसाव्या मिनिटाला आहे. खिडकीतलं."

"चाळिसाव्या मिनिटाला ती बाई गाडी चालवत्ये, बाई माझे. मी दोनदा बघितलं. तुला हल्ली जास्तच दिसायला लागलंय. सिप लक्ष देत नाही वाटतं?"

"तुझ्या जिभेला काही हाड?"

"नाही ना. म्हणून तर लग्न टिकलं नाही," ती म्हणाली आणि खिदळली.

फोन ठेवला आणि मी भाग पुन्हा लावला. वाटलं, खरंच गाडी दिसेल आणि सुटेन एकदाची. पण चाळिसाव्या मिनिटाला खिडकीच आली. आणि आता ती अठरा सेकंदांची नव्हती, सव्वीस सेकंदांची होती. मी घड्याळ लावून तीनदा मोजलं. वाढलेल्या आठ सेकंदांत बाई अर्धवट वळत होती. तिच्या डाव्या खांद्याखाली भाजल्याचा डाग होता, इस्त्रीच्या टोकाचा. माझ्या आईची इस्त्री, मी सहा वर्षांची असताना.

पुरुषाने मोजे काढले आणि एकात एक गुंडाळून बुटात ठेवले. जगात असं करणारा मला एकच माणूस माहीत होता. रूलोफ.

आता सांगूनच टाकते. रूलोफ सिपच्या स्केटिंग मंडळातला. दोन वर्षं झाली, दर गुरुवारी दुपारी दीड वाजता तो मागच्या दाराने यायचा. त्याच छोट्या खोलीत. चांगलं केलं असं म्हणत नाही. सिप वाईट नवरा नाही हो. कधी आवाज चढवला नाही, संध्याकाळी सहाला बटाटे सोलायलाही बसतो. पण गेली कित्येक वर्षं तो माझ्याकडे नीट बघायचाच नाही. बोलताना नजर खिडकीबाहेर, जेवताना ताटात. रूलोफ बघायचा. एवढंच.

आणि आम्ही पडदे कधी लावले नाहीत. कुणाला हे वेडेपण वाटेल, पण आमच्या गल्लीत दिवसा पडदे लावले याचा एकच अर्थ होतो, घरात कुणीतरी गेलं. अर्ध्या तासात शेजारीपाजारी काळे कोट घालून दारात हजर. पडदे उघडे ठेवणं हेच आमचं लपणं होतं. शिवाय मागे कोण बघणार? मागे बाग, मग कालवा, कालव्यापलीकडे नुसती कुरणं.

आणि जुनं पंपघर. विटांचं, बंद पडलेलं.

पंपघर जलमंडळाचं, म्हणजे कालवे नि बांध सांभाळणाऱ्या खात्याचं. सिप जलमंडळात नोकरीला. त्याच्या किल्ल्या आमच्या स्वयंपाकघरात, दाराजवळच्या खिळ्यावर टांगलेल्या असतात. हे सगळं एकापाठोपाठ एक डोक्यात आलं.

३

संध्याकाळी जेवताना मी त्याच्याकडे चोरून बघत होते. बटाटे, सॉसेज, कोबी. तो नेहमीसारखा खालमानेने खात होता.

"सिप, ते पलीकडचं पंपघर अजून तुमच्याकडेच आहे का रे?"

"हो. का?"

"सहज."

"पाडायचं म्हणतायत," तो म्हणाला. "मी म्हटलं, राहू दे. कुणाला काय त्रास आहे त्याचा?" त्याने ताटातला शेवटचा बटाटा माझ्या ताटात वाढला. तसा तो नेहमीच वाढतो. त्या दिवशी तो मला गिळवला नाही.

मी डोकं चालवायला बघत होते. समजा, सिपला कळलंय. समजा, त्याने तिथून चित्रण केलं. पण ते मालिकेत कसं गेलं? आणि मला दिसतं, इनेकेला कसं दिसत नाही? मग वाटलं, मलाच काहीतरी झालंय. मन खात असलं की भिंतीवरच्या डागातही माणूस दिसतो. हे दुसरं कारण बरं होतं, म्हणून मी तेच धरून बसले.

मंगळवारी सिप कांपेनला बांधाच्या पाहणीला गेला. जाताना म्हणाला, येताना मासे आणतो. अकरा वाजता मी खिळ्यावरची किल्ली घेतली, सायकल काढली आणि पुलावरून पलीकडे गेले. लख्ख ऊन होतं. कुरणात गाई होत्या. चांगला दिवस होता, भिण्यासारखं काही नव्हतं.

आत एकच खोली. ओलीचा वास, कोपऱ्यात गंजलेला पंप. आमच्या घराच्या बाजूची खिडकी विटांनी बुजवलेली. आजची नाही, वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची असावी, विटांवर शेवाळ चढलं होतं. मी बोटांनी सगळे सांधे चाचपले. सुई जाईल एवढंही भोक नव्हतं. हुश्श केलं. इथून कुणी काही टिपणं शक्यच नव्हतं.

मग वळले तर खोलीच्या मधोमध खुर्ची होती. त्या बुजवलेल्या खिडकीकडे तोंड करून ठेवलेली.

आमची खुर्ची होती. जेवणाच्या टेबलाच्या सहांपैकी. दोन वर्षांपूर्वी सिप एक खुर्ची घेऊन गेला होता, 'ऑफिसातल्या खुर्चीने पाठ दुखते' म्हणून. मी विसरूनही गेले होते. पाच खुर्च्यांची सवय झाली होती.

दोन वर्षांपूर्वी.

खुर्चीखालची धूळ बुटांनी घासून पार गुळगुळीत झाली होती. माणूस तासन् तास बसला की होते तशी. मी बैठकीला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. बैठक उबदार होती.

मी कुलूपही न लावता पळाले. पुलावर पोचल्यावर सिपला फोन लावला. दोनदा चुकीचंच नाव दाबलं गेलं.

"बोल गं," तो म्हणाला. मागे वारा होता, समुद्रपक्षी ओरडत होते.

"कुठे आहेस?"

"कांपेनला, बांधावर. सांगून नाही का निघालो? काय झालं? आवाज असा का?"

"काही नाही. मासे आण."

"ते आणतोच गं."

आणि आणलेही. ताजे होते.

४

"गुरुवारी येऊ नकोस," मी रूलोफला फोनवर सांगितलं.

"का? सिप घरी आहे?"

"कुणीतरी बघतंय आपल्याला."

तो हसायला लागला. "कोण, गाई?"

"गाढवा, मी मस्करी करत नाही. नको येऊस. या गुरुवारीही नको आणि पुढेही नको."

"बरं बाई, बरं. डोकं शांत कर. आठवड्याने बोलू."

ठेवला फोन. दोन वर्षांचं ते सगळं दीड मिनिटात आटोपलं. मी ठरवलं होतं की शनिवारी सिपला समोर बसवायचं आणि स्वतःच्या तोंडाने सांगायचं. तो कोसळेल, ओरडेल, घर सोडेल, काय करायचं ते करेल. पण टीव्हीवर बघून त्याला कळायला नको. मला एवढीच भीती होती. मालिका रविवारपासून लागणार होती.

दरम्यान बाकीचे भागही बघून झाले होते. प्रत्येक भागात ते एक दृश्य होतं, प्रत्येक वेळी वेगळा गुरुवार. एकदा माझे केस लहान होते. एकदा मी खिडकीपाशी येऊन थेट बाहेर बघत कॉफी पीत होते आणि माझ्या चेहऱ्यावर समाधान होतं. ते बघताना मी मान फिरवली. मी फॉर्ममध्ये त्यांची नोंद केली नाही. नोकरीत पहिल्यांदाच खोटं लिहिलं, आणि फॉर्म मात्र इनेकेशी तंतोतंत जुळले.

शेवटचा, आठवा भाग गुरुवारी सकाळी आला. सिप दहाला बाहेर पडला. दारात थांबला, काहीतरी बोलेल असं वाटलं. मग म्हणाला, "आज गुरुवार ना?"

"हो. का?"

"नाही, काही नाही," म्हणाला आणि सायकलवर टांग टाकली.

बारा वाजता माझा धीर सुटला. तो भाग त्या उघड्या काचांसमोर बसून बघणं मला शक्य नव्हतं. आधी वर जाऊन छोट्या खोलीचा पडदा ओढला. मग खालचे, मागचे आणि पुढचे. आमचं घर आरपार आहे, रस्त्यावरून बघितलं तर बागेतलं गवत दिसतं. त्या घरात बारा वाजता अंधार झाला. दिवसा ते घर तसं मी आधी एकदाच पाहिलं होतं, सिपची आई गेली तेव्हा.

५

पहिला अर्धा भाग नीट गेला. दोन शय्यादृश्यं, एक मारामारी. मी नोंदी केल्या. अडतिसाव्या मिनिटाला आमच्या घराची मागची बाजू आली.

सगळे पडदे बंद.

दहा सेकंद नुसते बंद पडदे. काहीच घडत नव्हतं. आवाज फक्त कुणाच्या तरी श्वासाचा, जवळचा, जरा लागलेला. मग दृश्य बदललं. आतमध्ये, खोली. विटांची भिंत. भिंतीसमोर खुर्ची आणि खुर्चीत पाठमोरा माणूस. जलमंडळाचं राखाडी जाकीट. डोक्यावरचा टक्कल पडलेला गोल, उन्हाने लाल झालेला. त्या गोलाला मी वर्षानुवर्षं उन्हाळ्यात मलम लावलं आहे.

तो भिंतीकडे बघत होता. तिथे काहीच नव्हतं, विटा. तरी तो पुढे झुकला, डोळे बारीक करून बघावं तसा. डावीकडे मान केली, उजवीकडे केली. काही शोधत असल्यासारखा. मग हळूहळू त्याची मान खाली गेली आणि तशीच राहिली.

"सिप," मी म्हटलं. पडद्यावरच्या माणसाला हाक मारली मी.

मान वर होऊ लागली.

तेवढ्यात दाराची घंटा वाजली आणि मी जिवाच्या आकांताने बटण दाबलं. चित्र थांबलं. कोपऱ्यात आकडा होता, दृश्य संपायला बारा सेकंद.

दारात शेजारच्या ग्रीतबाई उभ्या होत्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, काळा कोट, हातात झाकलेलं सुपाचं पातेलं.

"अगं पोरी," त्यांनी माझा हात धरला. "कोण गेलं?"

"कुणी नाही हो ग्रीतबाई. डोकं दुखतंय म्हणून पडदे लावलेत."

"डोकं?" त्यांनी माझ्या खांद्यावरून आत अंधारात बघितलं. "डोकं दुखलं म्हणून दिवसा पडदे? मार्लूस, अशानं लोक घाबरतात गं. मी बाराला बघितलं आणि माझ्या छातीत धस्स झालं. सूप गरम करून धावत आले."

"चुकलं माझं. घरी सगळे धडधाकट आहेत. सिप कामावर गेलाय."

"मग बरं. घे, सूप तरी घे." त्या पातेलं माझ्या हातात देत होत्या, तेव्हाच त्यांच्या पाठीमागे रस्त्यावर जलमंडळाची गाडी येऊन थांबली.

दोघे उतरले. त्यातला थोरला, हारमेन, सिपच्या हाताखालचा. त्याने गाडीजवळच टोपी काढली. बंद पडद्यांकडे बघितलं, ग्रीतबाईंच्या कोटाकडे बघितलं, आणि गोंधळला.

"वहिनी," तो म्हणाला, "तुम्हाला कुणी आधीच कळवलं का?"

पातेलं माझ्या हातातून सुटलं नाही. मी ते घट्ट धरून उभी होते, त्याची ऊब पोटाला लागत होती.

"पंपघराचं दार उघडं दिसलं म्हणून आम्ही डोकावलो," हारमेन म्हणाला. "खुर्चीत बसलेले होते. हृदय. डॉक्टर म्हणतात, बाराच्या सुमारास. त्रास झाला नसेल, वहिनी. नुसते बसलेले होते. पण तिथे काय करत होते, ते काही कळेना. तिथे बघण्यासारखं काहीच नाही."

ग्रीतबाई माझ्याकडे एकटक बघत होत्या. मग हळूच एक पाऊल मागे सरल्या.

६

अंत्यविधीपर्यंत पडदे बंदच राहिले. आता कुणी काही विचारलं नाही. सगळी गल्ली म्हणते, बायकोला आतून कळलं, केवढा जीव होता.

रूलोफ आला होता, मागच्या रांगेत उभा होता. मी त्याच्याकडे बघितलं नाही.

विधीच्या दुसऱ्या दिवशी हारमेन खुर्ची घेऊन आला. "ही तुमच्या घरातली दिसते," म्हणाला. मी ती टेबलाशी लावली. आता परत सहा झाल्या.

मग इनेकेचा फोन. तिने सांत्वन केलं, रडलीसुद्धा. सिपला ती कधी भेटली नव्हती, त्याचा फोटोही पाहिला नव्हता. शेवटी चाचरत म्हणाली, "मार्लूस, आत्ता बोलू नये, कळतंय मला. पण आठव्या भागाचा फॉर्म अडलाय. शेवटपर्यंत पाहिलं अशी सही लागते ना तुझी. बाकी या वेळी आपलं जुळणार बघ. खिडकीचं दृश्य या वेळी मलाही दिसलं."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तो खुर्चीतला माणूस," इनेके म्हणाली. "मी 'भीतिदायक' वर मोठी खूण केली. तो शेवटी वळून थेट बघतो ना, तेव्हा माझी तर पाचावर धारण बसली. रागाने बघतो असंही नाही गं. इतक्या मायेने बघतो की मला बघवेना. आणि ओठ हलतात. काय म्हणतो ते मला लागलं नाही. तुला लागतंय का बघ."

"बघते," मी म्हटलं.

त्याला चार दिवस झाले. बारा सेकंद अजून तसेच आहेत. दोनदा बटणावर बोट नेलं आणि मागे घेतलं. रोज सकाळी टेबल पुसताना सहाव्या खुर्चीच्या बैठकीवरून फडकं फिरवते, आणि रोज ती उबदार असते. आता मी हात मागे घेत नाही. पण भीती वाटते, खूप वाटते. दुपारी दीड वाजता सगळ्यात जास्त.

काल ग्रीतबाईंनी कुंपणावरून हाक मारली. "मार्लूस, अगं, रात्री तरी पडदे लावत जा! सगळा रस्ता आत बघतो. दिवा चालू, तू एकटी बसलेली. कसं दिसतं ते?"

"असू दे," मी म्हटलं.

आता मी एकही पडदा लावत नाही, वरचा नाही, खालचा नाही. एकदा लावला होता. आज फॉर्म उघडला आणि जेवढं भरता येतं तेवढं भरलं. 'ज्या व्यक्तीला पाहिलं जात आहे, तिला ते ठाऊक आहे का?' मी 'हो'वर खूण केली, ती सहावी खुर्ची माझ्याकडे तोंड करून ठेवली आणि दिवा जरा माझ्या बाजूला ओढला, म्हणजे त्याला नीट दिसेल.